कलाटणीवर एवढा राग का?

दिवाळी अंकांचे दिवस आले की पुण्या-मुंबईच्या मित्रमंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. शेवटच्या ओळीत धक्का देणारी कथा ही खरी कथा की नुसती हातचलाखी? यंदा निमित्त अलकांचं, म्हणजे अतिलघुकथांचं, होतं. चार-सहा ओळींची गोष्ट, शेवटी झटका, खाली 'अंगावर काटा आला'. त्यावर आमच्यातल्या जाणकारांचा निकाल ठरलेला: हे ना. सी. फडक्यांच्या तंत्राचं, म्हणजे बेतलेल्या कथानकाचं, भूत आहे, गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर या नवकथाकारांनी ते गाडलं, आता परत उकरू नका.

घटनेपेक्षा माणसाच्या मनाकडे वळलेल्या या नवकथेने मराठी कथेला मोठं केलं याबद्दल माझं दुमत नाही. पण तिचा दाखला देऊन कलाटणी हीच हलकी ठरवायची, हे मला मुळीच पटत नाही.

मी जर्सी सिटीत राहते, नोकरी मॅनहॅटनमध्ये. अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीची गावं-गल्ल्या रोजच्या वाटेवर आहेत. त्याची 'आफ्टर ट्वेंटी इयर्स' ही कथा १९०६ च्या 'द फोर मिलियन' या संग्रहात आहे. बॉब आणि जिमी न्यूयॉर्कमध्ये भावांसारखे वाढलेले. बॉब नशीब काढायला पश्चिमेकडे निघतो. जिमीला मात्र न्यूयॉर्कबाहेर कुणी ओढूनही नेलं नसतं. वीस वर्षांनी त्याच जागी, त्याच वेळी भेटायचं ठरतं. बॉब येतो. गस्तीचा पोलीस त्याच्याशी दोन शब्द बोलून पुढे जातो. मग 'जिमी' येतो, पण दिव्याच्या उजेडात बॉबला दिसतं की याचं नाक वेगळं आहे. तो साध्या वेशातला पोलीस असतो. अटक झाल्यावर बॉबच्या हाती चिठ्ठी पडते: मी वेळेवर आलो होतो, तू काडी ओढलीस तेव्हा शिकागोला हवा असलेला माणूस तूच आहेस हे दिसलं, मला स्वतःला ते जमेना, म्हणून दुसऱ्याला पाठवलं.

चिठ्ठी वाचून थांबलात तर हा नुसता धक्का. पुन्हा पहिल्यापासून वाचा. गस्तीचा पोलीस विचारतो, "तिकडे तुमचं बरं चाललं असेल ना?" जाता जाता विचारतो, मित्र वेळेवर आला नाही तर लगेच निघून जाणार का? बॉब म्हणतो, छे, निदान अर्धा तास तरी थांबेन. हे विचारणारा जिमीच आहे, हे ठाऊक असताना ही वाक्यं वाचली की घशात आवंढा येतो. 'तिकडे बरं चाललंय ना?' हा प्रश्न सुट्टीत पुण्याला गेले की मलाही विचारतात, आणि विचारणारा मला न्याहाळत असतो. कॉलेजात ही गोष्ट मला मजेदार वाटली होती. गेलेला आणि मागे राहिलेला यांची ती गोष्ट आहे, हे इथे आल्यावर उमगलं.

फ्रेंच कथाकार मोपासाँची 'हार' ही कथा १८८४ साली पॅरिसच्या 'ल गोलवा' या दैनिकात आली. इथे माझ्या मुलाला ती नववीत होती. बाईंनी फळ्यावर 'सिच्युएशनल आयरनी' (अपेक्षेच्या नेमकं उलट घडणं) लिहिलं, मुलांनी उदाहरण शोधलं, गुण मिळाले, धडा संपला. गावाकडचे जाणकार तंत्र म्हणून नाक मुरडतात, इथली शाळा तंत्र म्हणून गुण देते. कथा दोन्हीकडे राहूनच जाते.

कारकुनाची बायको मातिल्द मैत्रिणीचा हिऱ्यांचा हार मेजवानीला उसना नेते आणि हरवते. ३६,००० फ्रँकचा तसाच हार विकत घेऊन परत करते आणि नवराबायको दहा वर्षं ते कर्ज फेडतात. शेवटी कळतं, मूळ हार खोटा होता, फार तर ५०० फ्रँकचा. मोपासाँने काहीच लपवलेलं नाही. डबीवर ज्या जवाहिऱ्याचं नाव होतं तो स्पष्ट सांगतो की हार माझ्याकडचा नव्हे, मी फक्त डबी दिली असेल. आपण त्यावरून पुढे निघून जातो, मातिल्दसारखेच.

आणि मुळात मैत्रिणीला 'हार हरवला' म्हणायचं धाडसच होत नाही. नवरा तिच्याकडून चिठ्ठी लिहवून घेतो: कडी तुटली, दुरुस्तीला दिलाय. एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की दुसरी शोधायला फार तर ६० दिवस मिळतात. त्या दिवसांत आईवडिलांना व्हिडिओ कॉलवर 'सगळं मस्त' सांगणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यासाठी या कथेचा शेवट म्हणजे हातचलाखी नाही.

टीकाच करायची तर योग्य जागी करा. ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय'मध्ये डेला केस विकून जिमसाठी घड्याळाची साखळी आणते, आणि जिमने ते घड्याळ विकून तिच्यासाठी कंगवे आणलेले असतात. ते कळल्यावर जिम हसून म्हणतो, भेटी ठेवून देऊ, आता मटण चुलीवर चढव. गोष्ट तिथे पूर्ण होते. त्यानंतर लेखक स्वतः पुढे येऊन एक अख्खा परिच्छेद हे दोघे किती शहाणे ते समजावतो. मला खटकतो तो हा परिच्छेद, कलाटणी नव्हे. अलकांतही मला तेच खटकतं: शेवटी तीन उद्गारचिन्हं आणि 'विचार करा'.