‘शाफ्ट ढिला दिला’ या एका स्टारच्या रिव्ह्यूला वर्कशॉपमालकाचं उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. जे नंतर वाचतील त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. डाळ मिलच्या शाफ्टला दोन दिवस सांगून चार दिवस लावले. बाकीचे जुन्याच शाफ्टला 1,500 मध्ये वेल्डिंग भरून देतात, त्याचे आम्ही 6,800 घेतले. मालक उद्धट आहे. आणि शाफ्ट ढिला दिल्यामुळे आठव्या दिवशी पुलीकडचं बेअरिंग जळालं. ‘बसवायच्या दिवशीच आमच्या फिटरनं मोजला, 50 च्या जागी 49.98 भरला,’ असं तुम्ही लिहिलं आहे, सोबत तीन फोटो टाकले आहेत.

उशीर झाला, हे खरं. सिलिंड्रिकल ग्राइंडिंगचं, म्हणजे शाफ्ट फिरवत घासून अचूक मापाला आणायचं मशीन आमच्याकडे नाही. आम्ही नागपुरात कळमन्याला आणि ग्राइंडिंगवाला हिंगणा एमआयडीसीत, म्हणजे शहराचं दुसरं टोक. त्याच्याकडे नंबर लागतो तेव्हाच जॉब मशीनवर चढतो. दोन दिवस मी माझ्या लेथचे सांगितले, त्याचे दोन धरलेच नाहीत. तुमची मिल त्यात बंद राहिली. चूक माझी.

पैशांचं मात्र पटत नाही. बिलावर मी फक्त ‘नवीन शाफ्ट’ लिहिलं, म्हणून कदाचित गैरसमज झाला असेल. फोड अशी: ईएन-8 या पोलादाचा 65 एमएमचा बार, सुमारे 25 किलो, 2,100 रुपये. ग्राइंडिंगचे बाहेर दिलेले 900. दोन की-वेचे, म्हणजे चावी बसायच्या खाचांचे, 600. उरलेले 3,200 दीड दिवसाच्या लेथकामाचे, त्यात मी, एक पोरगा आणि विजेचं बिल. तुमच्या शाफ्टचा कॉलर, म्हणजे बेअरिंग टेकतं तो जाड भाग, 60 चा, म्हणून बार 65 चा घ्यावा लागतो आणि त्यातला जवळपास दहा किलो माल बुरादा होऊन खाली पडतो. त्या बुराद्याचे भंगारवाला जे देतो त्यात आठवड्याचा चहा होतो, एवढाच आमचा वरचा नफा.

आता वेल्डिंग. तुमचा तुटलेला शाफ्ट अजून आमच्या रॅकवर आहे. तो मी तुम्हाला त्या दिवशी दाखवला, पण तुम्ही फोनवर होता. त्याचं तुटलेलं तोंड उजेडात धरलं की दोन भाग दिसतात. मोठा भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक वळणाऱ्या रेघा. लहान भाग खरबरीत, दाणेदार, चकाकणारा. गुळगुळीत भागात तडा हळूहळू पुढे सरकत होता. शाफ्ट फिरायचा, तडा उघडायचा, मिटायचा, घासून घासून तोंड गुळगुळीत व्हायचं. जो थोडा माल उरला तो एके दिवशी एका दणक्यात गेला, तो खरबरीत भाग. आणि सगळ्या रेघा जिथून सुरू होतात तिथे आधी कोणीतरी बेअरिंगच्या जागेवर वेल्डिंग भरून लेथवर टर्न केलेलं आहे, त्याची कड आहे. वेल्डिंगची उष्णता लागली की ईएन-8 सारखा माल त्या कडेला कडक आणि ठिसूळ होतो, तडा तिथूनच निघतो. त्यात जुना कोपरा काटकोनात, धारदार. नव्या शाफ्टला मी तिथे एक एमएमची गोलाई दिली आहे. वेल्डिंग कुठेच करू नये असं माझं म्हणणं नाही. ट्रॉलीच्या ॲक्सलला चालून जातं, पण दिवसभर पट्ट्याच्या ओढीनं वाकत फिरणाऱ्या शाफ्टला मी करत नाही.

तेच तुम्हाला समजावून सांगायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणालात, ‘बाजूचा पंधराशेत भरून देते, तुम्हीच काऊन नाही म्हणता?’ आणि मी म्हणालो, ‘मंग तिथंच जा ना बाप्पा.’ नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता, कुलरमधलं पाणी संपलं होतं, पण त्याचा राग गिऱ्हाइकावर काढायचा नसतो. त्याबद्दल माफी मागतो.

राहिला ढिल्या शाफ्टचा आरोप. तो मी मान्य करणार नाही.

तुमचं बेअरिंग 6210, आतला व्यास 50 एमएम. त्याच्या शाफ्टला आम्ही के-6 फिट, म्हणजे किती घट्ट बसावं याचं ठरलेलं माप, देतो. म्हणजे व्यास 50.002 ते 50.018 च्या मधे पाहिजे. सगळी मुभा 16 मायक्रॉनची, आणि मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग. पूर्वी आमचे मिस्त्री टूल जॉबला टेकलं की नाही हे सिगारेटच्या आतल्या पातळ कागदानं बघायचे. तो कागद वीस-पंचवीस मायक्रॉनचा. म्हणजे ही मुभा त्या कागदाहून कमी. तुमच्या फिटरनं मोजलं वर्निअरनं, म्हणजे सरकत्या जबड्याच्या मोजपट्टीनं. साध्या वर्निअरचं लहानातलं लहान घर 0.02 एमएम, म्हणजे 20 मायक्रॉन. ज्या मापाचं एक घरच पूर्ण मुभेपेक्षा मोठं, त्यानं आत की बाहेर ते कसं ठरणार? जबडा जरा तिरपा लागला, जरा जास्त दाबला, की एक घर इकडचं तिकडे होतं. 49.98 आणि 50.00 यात त्या मापाला फरकच कळत नाही.

आम्ही मायक्रोमीटरनं मोजतो, आणि तोही आधी 50 च्या स्टँडर्ड रॉडवर शून्य करून. गरम जॉब मोजत नाही. पोलाद तापलं की फुगतं. 50 एमएमच्या शाफ्टला 40 अंश जास्त गरमी असेल तर व्यास 23 मायक्रॉनांनी मोठा दिसतो, आणि थंड झाल्यावर तोच ढिला निघतो. मापासाठी 20 अंश सेल्सिअस हे तापमान 1931 पासून जगभर धरलं जातं. नागपुरात ते डिसेंबरात मिळेल. मे महिन्यात आम्ही एवढंच करतो, की जॉब, रॉड आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच टेबलावर ठेवतो, म्हणजे तिघंही सारखेच तापलेले असतात. तुमच्या शाफ्टची नोंद वहीत आहे: पुलीकडे 50.012, दुसऱ्या टोकाला 50.010. मोजणारा मी, सकाळी साडेसात.

वही माझीच, म्हणून तुम्ही ती मानू नका. तुमचा दुसरा फोटो मोठा करून पाहा. जळालेल्या बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर, कडेला, तीन चकचकीत चपटे ठोके आहेत. ते हातोड्याचे आहेत. आता मला सांगा, शाफ्ट खरंच 49.98 असता तर बेअरिंग हातानं सरकून बसलं असतं. त्याला हातोडा काऊन लागला? घट्ट होता म्हणूनच ठोकला ना?

आणि ठोकला तो बाहेरच्या रिंगवर. शाफ्टवर घट्ट बसते आतली रिंग. बाहेरच्या रिंगवर मारलं की सगळा दणका मधल्या गोळ्यांतून आत जातो. गोळ्या जितक्या अंतरावर असतात तितक्याच अंतरावर रिंगच्या खाचेत बारीक खड्डे पडतात. बेअरिंग त्या दिवशी फिरतं, आवाजही विशेष येत नाही. मग प्रत्येक गोळी प्रत्येक खड्ड्यावरून ठेचकाळत जाते, ग्रीस जळतं, गोळ्या अडकतात, आणि शेवटी आतली रिंगच शाफ्टवर घसरायला लागते. तुमच्या तिसऱ्या फोटोत शाफ्टवर निळा पट्टा दिसतो तो त्याचा. पोलाद 300 अंशांच्या आसपास गेलं की तसा निळा रंग धरतं. आज त्या जागी मोजलं तर शाफ्ट कमी भरणारच, कारण रिंगनं तो घासला आहे. खड्डे फोटोत दिसत नाहीत, तो माझा अंदाज आहे. बेअरिंग कापून बघितलं की खरंखोटं होईल. मी तुमच्यासमोर कापतो.

यात माझी चूक कुठे, तेही सांगतो, कारण रिव्ह्यूत ती नाही आणि मला कालपासून तीच खटकते आहे. तुमचा फिटर शाफ्ट न्यायला आला तेव्हा त्याच्या मोटरसायकलच्या डिकीत बेअरिंगचे दोन डबे आणि हातोडा मी पाहिला. आमच्याकडे हॉट प्लेटवर तेलाचं भांडं कायम असतं. 40 अंशांचं बेअरिंग 90 पर्यंत तापवलं की आतला व्यास 29 मायक्रॉनांनी उघडतो, आणि हातमोजा घालून ते दोन्ही हातांनी सरकवता येतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आधी बाचाबाची झाली होती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. मनात म्हटलं, त्यांचं ते पाहून घेतील. तेवढं बोललो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

म्हणून असं करू. बेअरिंगचे पैसे मी देणार नाही. नवीन शाफ्ट मात्र फक्त मालाच्या आणि ग्राइंडिंगच्या पैशांत करून देतो, म्हणजे 3,000. लेथ आणि की-वेचे 3,800 माझ्याकडून. दोन्ही बेअरिंगं इथेच तेलात तापवून बसवून देईन. तुमचा फिटर उभा राहिला तर चांगलंच.

पण आधी एक बघू. दुसऱ्या टोकाचं बेअरिंग अजून चालू आहे, ती जागा घासलेली नसणार. ते पुलरनं, म्हणजे बेअरिंग ओढून काढायच्या अवजारानं, काढून ती जागा तुमच्यासमोर मोजू, मायक्रोमीटर तुम्ही दुसऱ्या कोणाचा आणला तरी चालेल. ती 50.002 च्या खाली भरली तर 6,800 पूर्ण परत, आणि बेअरिंगचेही.

येताना दोन्ही हाउसिंग, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं ती घरं, घेऊन या, मागच्या वेळी नुसताच शाफ्ट आला होता. हाउसिंगची 90 ची, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग बसते ती जागाही मोजावी लागेल, ती घासली असेल तर नव्या शाफ्टचा उपयोग नाही. सोमवारी दुपारपर्यंत तुमचं सामान आलं तर नवा शाफ्ट बुधवारच्या ग्राइंडिंगच्या नंबरात लागतो आणि शुक्रवारी संध्याकाळी मिळतो. या वेळी दिवस मोजून सांगतो आहे. आणि खोलताना पट्टे आधी सैल करा. पुलीला हातोडा नका लावू, ती बिडाची आहे, फुटेल.