चिनार म्हणजे मेपल नाही हो!

थंडी पडायला लागली की एक मेसेज ठरल्यासारखा फिरायला लागतो. श्रीनगरच्या बागेतला लालभडक पाचोळ्याचा फोटो आणि खाली मजकूर: 'कॅनडाला कशाला जाता? हे बघा आपलं देशी मेपल, काश्मीरचा चिनार! भारतात मेपलची ही एकच जात. पाच टोकांचं लाल पान दिसलं की समजा मेपल. सह्याद्रीतही फेब्रुवारीत मेपल लाल होतात.' चार दावे आणि चारही चूक, म्हणजे कमालच आहे.

पहिलं, चिनार मेपल नाहीच. त्याचं शास्त्रीय नाव प्लॅटॅनस, मेपलचं एसर, दोघांची कुळंही वेगळी. फक्त पान बघाल तर फसणारच, त्यामुळे फांदी बघा. मेपलची पानं समोरासमोर जोडीने येतात, चिनारची एक इकडे एक तिकडे. मेपलच्या फळाला दोन पंख असतात, झाडावरून सुटलं की भिंगरीसारखं गरगरत खाली येतं. चिनारला लांब देठावर लोंबणारे काटेरी गोळे. आणि माझी सगळ्यात आवडती खूण म्हणजे चिनारचं पान देठासकट तोडून देठाचं बूड बघा, ते पोकळ असतं आणि पुढच्या वर्षीची कळी त्या टोपीखाली झाकलेली असते. मेपलची कळी देठाच्या बगलेत उघडी दिसते. एवढं बघितलं की वाद संपला.

'एकच जात' हे तर काहीच्या काही. हिमालयात मेपलच्या डझनभराहून जास्त जाती आहेत. फक्त त्या बागेत नाहीत, जंगलात आहेत. काश्मीरचे चिनार बहुतेक लावलेले, बागेत, दर्ग्यापाशी, रस्त्याकडेला. देशी मेपल बघायचं तर हिमाचल-उत्तराखंडात साधारण दोन ते तीन हजार मीटरवर ओलसर घळ किंवा ओढ्याकाठ गाठा, तिथे खर्सू ओक, पांगर (आपला पांगारा नव्हे, हिमालयातलं हॉर्स चेस्टनट), अक्रोड यांच्यात ते मिसळून उभं असतं. पुण्या-मुंबईची एवढी मंडळी चोपता-तुंगनाथचा ट्रेक करून येतात, पण वाटेतल्या मेपलकडे कोण बघतंय, सगळ्यांचं लक्ष बुरांसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलांवर.

पाच टोकांचं म्हणाल तर एसर ऑब्लाँगम नावाचं मेपल बघा. कुमाऊंत खालच्या उंचीवर मिळतं, पान लांबट, कडा अखंड, एकही टोक फुटलेलं नाही, खालून पांढरट. पण समोरासमोरची पानं आणि पंखवाली फळं आहेत, म्हणजे मेपलच. आणि रंगाचं सांगायचं तर हिमालयातल्या कित्येक जाती लाल होतच नाहीत, पिवळ्या होतात.

आता सह्याद्री. इथे नैसर्गिक मेपल नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल दिसतं ते बहुतेक वेळा कुसुम, लाखेच्या किड्याचं लाडकं झाड. तो लाल रंग गळणाऱ्या पानांचा नाही, कोवळ्या पालवीचा, आणि पान संयुक्त, एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. गंमत म्हणजे आजच्या वर्गीकरणात कुसुम, रिठा, लिची आणि मेपल एकाच कुळात येतात, म्हणजे चिनारपेक्षा आपला कुसुमच मेपलच्या जवळचा नातेवाईक निघाला!

हा मेसेज आला की खाली कोणीतरी विचारतंच, मग चिनारपासून मेपल सिरप, म्हणजे मेपलचा रस आटवून करतात तो गोड पाक, काढता येईल का? नाही. ते मुख्यतः उत्तर अमेरिकेतल्या शुगर मेपलचं, तेही रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊब असेल तेव्हाच, आणि एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस आटवावा लागतो. तेव्हा चिनारला भोकं पाडायच्या भानगडीत पडू नका, काश्मीरात ते झाड तोडायलाही सरकारी परवानगी लागते.