लोकलमध्ये 'चाळलेलं' पुस्तक: रसिक वाचक यांना उत्तर

नमस्कार रसिक वाचक,

(नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही.)

प्रतिक्रियेखालीच लिहिणार होते, पण लांबलं, म्हणून वेगळं टाकतेय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या आठवड्यात मी एका इंग्रजी पॅरानॉर्मल रोमँटिक सस्पेन्स कादंबरीवर लिहिलं होतं. न्यू ऑर्लिन्स शहर, मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावला की त्याच्या शेवटच्या घटका दिसणारी नायिका, तिच्यावर काडीचा विश्वास नसलेला आणि तरी तिच्यावर भाळलेला पोलीस अधिकारी, आणि एकापाठोपाठ पडणारे खून. पूर्वार्ध मला आवडला, उत्तरार्ध फसला, असं माझं म्हणणं. त्यावर हे लिहितात: "बाई, लोकलमध्ये उभ्याउभ्या चाळलेल्या पुस्तकावर निकाल देऊ नये!!! पॅरानॉर्मलमध्ये लॉजिक शोधायचं नसतं. शेवट फोडून लोकांची मजा घालवलीत. कुत्र्याचा साधा उल्लेख नाही. मराठी वाचकांना हा प्रकार झेपतच नाही."

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पुस्तक आवडलं असेल तुम्हाला, आनंद आहे. पण ओळख ना पाळख, एकदम 'बाई'? वर तीन उद्गारचिन्हं, तीही रात्री पावणेदोनला. समोरासमोर बसून हेच बोलला असतात का, एवढं स्वतःला विचारा. असो.

आता ते 'चाळलेलं'. पुस्तक बरंचसं डोंबिवली फास्टमध्ये वाचलं, असं मी लेखात जाता जाता लिहिलं होतं. तुम्ही नेमकं तेच उचललंत. अहो, मुंबईत नोकरी करणाऱ्याने वाचायचं कुठे? ऑफिसात वाचता येत नाही, घरी गेल्यावर कुकर आणि उद्याचे डबे. राहते ती गाडी. माझं आयुष्यभराचं वाचन गाडीत झालंय. कॉलेजात असताना माटुंग्याच्या फुटपाथवरून मिल्स अँड बून आणायचे, वर वर्तमानपत्राचं कव्हर घालून, कारण डब्यात ओळखीच्या काकू असत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी लायब्ररीतून. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. धारपांची गोष्ट ऐन रंगात आली की डब्यातले दिवे हमखास दगा द्यायचे, आणि कळव्याचा उजेड येईपर्यंत ओळीवर बोट ठेवून बसायचं. भीती म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि एक सांगते. चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर, डोक्यावर दोघींचं 'तुम्ही कुठे उतरणार?' चाललेलं, अशात जे पुस्तक मान वर करू देत नाही ते चांगलं पुस्तक. घरी पंख्याखाली लोळून काहीही बरं वाटतं. या कादंबरीने दोनशे पानं मला असं धरून ठेवलं होतं आणि ते मी लेखात लिहिलंय. ते तुम्ही वाचलंत, की चाळलंत?

मी काय वाचलं त्याचा पुरावाच देते. तिसऱ्या प्रकरणात लेखिका नियम घालते: नायिकेला दिसतं ते उघड्या हाताने वस्तू धरली तरच, आणि मरताना ती वस्तू त्या माणसाच्या अंगावर असली तरच. म्हणून ही मुलगी सदा सुती हातमोजे घालून हिंडते. हातमोज्याचा वापर फार सुरेख आहे. पोलीस अधिकारी पहिल्यांदा तिचा हात धरतो तेव्हा ती मोजा काढत नाही. त्याच्या मनगटावर मेलेल्या भावाचं घड्याळ आहे. त्याला वाटतं, हिला आपण नकोसे आहोत. दोन ओळींत प्रेमही आलं, भीतीही आली. रोमँटिक सस्पेन्समध्ये हेच साधायचं असतं. गुन्हा पुढे सरकला की प्रेमाला ओढ बसली पाहिजे, नाहीतर दोन वेगळ्या कादंबऱ्या एका बांधणीत घालून विकल्यासारखं होतं.

आणि अडतिसाव्या प्रकरणात काय होतं? दफनभूमीतल्या झटापटीत खुन्याच्या किल्ल्या तिच्या हाती लागतात आणि तिला सगळं दिसतं. हातात मोजे आहेत. खुनी जिवंत आहे. दोन्ही नियम एका परिच्छेदात मोडले आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. भुताला लॉजिक नसेना का! वाचकाला तिसऱ्या प्रकरणात दिलेला शब्द पाळायचा की नाही? वस्तूतून भूतकाळ दिसतो ही कल्पना काही लेखिकेची नाही. जोसेफ बुकॅनन नावाच्या अमेरिकन डॉक्टराने 1842 मध्येच तिला सायकोमेट्री म्हटलं होतं. लेखिकेची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट तो मोजाच होता.

तीच दफनभूमी, सेंट लुई क्रमांक एक, 1789 पासूनची. 2015 पासून तिथे पर्यटकांना परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत. गोष्ट आजची आहे आणि नायिका मध्यरात्री एकटी फाटकातून चालत आत जाते. हे मी लेखात काढलंही नव्हतं. दया आली म्हणून.

कुत्र्याचं मात्र मान्य. पोलिसाचा तो म्हातारा कुत्रा खरंच छान आहे, त्याला दोन ओळी द्यायला हव्या होत्या.

शेवट फोडला म्हणता. खुन्याचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. 'दोघं एकत्र येतात' एवढंच लिहिलं. रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या संस्थेच्या व्याख्येतच समाधानकारक, आशादायी शेवट ही अट आहे. त्यात फोडण्यासारखं काय होतं? आणि मराठी वाचकांना झेपत नाही म्हणे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजने 1949 मध्ये 'महल' काढला, त्यात झपाटलेली हवेली होती, प्रेम होतं, रहस्यही होतं. तिकिटं काढून बघणाऱ्यांत आमची आजी होती. तिला झेपलं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, राहू दे तिथेच. पुन्हा लिहाल तर एवढंच सांगा: अडतिसाव्या प्रकरणात ते मोजे कुठल्या पानावर उतरले? पान नंबर द्या, मी लेख बदलते.