आधी टाच बघा

आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्याकडे २४ तासांची बाई आहे, म्हणजे तिघी येऊन गेल्या आणि आता चौथ्या मावशी आहेत. त्यामुळे हल्ली ओळखीतलं कोणीही मलाच विचारतं, चांगला ब्युरो, म्हणजे अशा बाया पुरवणारी एजन्सी, सांग ना. अहो, ब्युरोचं काय घेऊन बसलात, ब्युरो तोच राहतो, माणूस बदललं की सगळं बदलतं.

पहिल्या ताई होत्या ना, त्यांच्यावर आम्ही जाम खूश होतो. खोली चकाचक, चादरीला सुरकुती नाही, बोलणं गोड, आणि रोज व्हॉट्सअॅपवर आईचा केस विंचरलेला फोटो. वहीसुद्धा टापटीप. एकदा मी ऑफिसातून लवकर आले, संध्याकाळचे ६ वाजले असतील, सहज वही उघडली तर रात्री १० ची गोळी दिली, १२ ला कूस बदलली, २ ला बदलली, सगळं लिहून तयार!! एकाच पेनाने, एका दमात.

मग आईचे मोजे काढून बघितले. उजव्या टाचेवर रुपयाएवढा लाल डाग. मी तर चोळायलाच निघाले होते, नशीब ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने आधीच एकदा बजावलं होतं की अशी जागा कधी चोळायची नाही. बोटाने दाबून बघायचं, दाबल्यावर लाली गेली आणि परत आली तर ठीक, गेलीच नाही तर बेडसोर, म्हणजे एकाच कुशीवर पडून दाबाने होणारी जखम, सुरू झालाय समजायचं (सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, तिथे हात लावून गरम किंवा कडक लागतंय का ते बघायचं). आमची गेली नाही. आणि हो, एअर बेड (दाब कमी करणारी हवेची गादी) होता आमच्याकडे! एअर बेड आहे म्हणजे कूस बदलायला नको, असं त्या ताईंना वाटत होतं आणि खरं सांगायचं तर मलाही. आता पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवतो.

तेव्हापासून मी खोली नाही बघत, पेशंट बघते. टाचा, माकडहाड, ओठ कोरडे आहेत का, लघवी गडद होतेय का. उठवताना काखेत हात घालून ओढतात की कमरेला धरून उठवतात. भरवताना नीट बसवतात का, आणि घास संपला की लगेच आडवं करतात का. ब्युरोवाले फोनवर म्हणणारच, मॅडम आमचा सगळा स्टाफ ट्रेनिंग घेतलेला आहे, तुम्ही म्हणायचं, बरं मग खुर्चीत बसवून दाखवा.

दुसऱ्या बाईंचं काम तसं व्यवस्थित होतं, पण त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई पांघरूण घट्ट धरायची. आईला नीट सांगता येत नाही. मला ते कळायला ३ आठवडे लागले, त्याचं अजून वाईट वाटतं.

तिसरीच्या बाबतीत मात्र चूक आमची. आई रात्रीतून चार-चार वेळा उठायची, ती बिचारी रात्रभर जागी, आणि दिवसा पेंगली की मी बोलायचे. २४ तासांची म्हणजे २४ तास जागी, हे कुठल्या हिशोबात बसतं? एवढ्या वेळा उठावं लागत असेल तर रात्रीला वेगळं माणूस लागतं किंवा घरच्यांनी पाळ्या लावायच्या. आठवड्याची सुट्टीही आम्ही "या रविवारी जरा अॅडजस्ट करा" म्हणून तीनदा खाल्ली. ती गेली तेव्हा ब्युरोकडे बदली माणूस नव्हतं, ५ दिवस मी रजेवर. म्हणून ठरवताना हे आधी विचारा की बाई अचानक गेली तर किती तासांत कोण येणार, सुपरवायझर न सांगता घरी चक्कर मारतो का, आणि कुठली कामं ही बाई करणार नाही. इंजेक्शन देणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही नर्सची कामं. "सगळं करते ओ ती" असं उत्तर आलं की मी तरी फोन ठेवते.

आताच्या मावशी अजिबात गोड बोलत नाहीत. मी डायपर घट्ट बांधला की मलाच ओरडतात. आता मंगळवार आणि शुक्रवारची रात्र माझी, रविवारी त्यांना पूर्ण सुट्टी. वहीतलं अक्षर गिचमिड, कुठे पेन, कुठे पेन्सिल. परवा त्यात लिहिलं होतं, "रात्री २ ला जाग आली नाही. ४ ला कूस बदलली." मी सकाळी जाऊन पहिली टाच दाबून बघितली. ठीक होती.