आपल्याच अंगणात कुजबुज

आज संध्याकाळी कचऱ्याची बिन बाहेर काढताना एक प्रकार घडला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

इथे इंग्लंडमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. वय ७९, जन्मभर पोस्टमनची नोकरी, बायको जाऊन सहा वर्षं झाली. मंगळवारी रात्री आमची भेट ठरलेली, कारण बुधवारी पहाटे कौन्सिलची गाडी येते आणि या आठवड्यात निळी की हिरवी हे मला इतक्या वर्षांनीही त्यांनाच विचारावं लागतं. आज ते गावातल्या त्या हॉटेलबद्दल काही बोलायला लागले आणि अर्ध्या वाक्यात थांबले. मागे वळून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मग कुंपणावर वाकले आणि मला जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात वाक्य पुरं केलं.

वाक्य काय होतं माहितीये? 'ही माणसं इथे किती दिवस राहणार हे आम्हाला कुणी सांगत का नाही?' बस्स. एवढं विचारायला ७९ वर्षांचा माणूस स्वतःच्या अंगणात मागे वळून बघतो. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

मागचा संदर्भ सांगतो. गेल्या उन्हाळ्यात आजोबांनी गावाच्या फेसबुक ग्रुपवर चार ओळी लिहिल्या होत्या. असायलम (आश्रय) मागणाऱ्या परदेशी लोकांसाठी हॉटेल घेतलंत, गावाला विचारलंत का, अशा अर्थाच्या. त्यातला एक शब्द कडवट होता, मी वाचलाय, मी तो वापरला नसता. तीन दिवसांनी दोन पोलीस दारात. पोरगेलेसे, अगदी अदबीने बोलणारे. गुन्हा काहीच नाही म्हणाले, फक्त 'दोन शब्द बोलायला' आलोय. आजोबांनी चहा विचारला, ते नको म्हणाले. दहा मिनिटांत गेले. त्याच रात्री आजोबांनी आपलं खातं बंद केलं. नातवंडांचे फोटो बघायचं तेवढंच एक साधन होतं त्यांच्याकडे.

आता मित्रयादीतले आमचे पुरोगामी सरसावले असतील. 'अरे, तू स्वतः तिकडे उपराच ना!' हो, आहे. पण मी कसा आलो ते ऐका. मिरजेहून २००५ च्या डिसेंबरात, एचएसएमपी या उच्चकुशल लोकांसाठीच्या व्हिसावर. पदवी, अनुभव, पगार, सगळ्याचे गुण मोजून घेतले. मी इथे येऊन स्थिरावतोय तोच होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्याने, २००६ मध्ये नियम फिरवले. कायम राहण्याची अट चारवरून पाच वर्षं केली, नंतर मुदतवाढीची गुणपद्धतच बदलली. आम्ही काय केलं? दगड मारले नाहीत. एचएसएमपीवाल्यांनी वर्गणी काढली, वकील केला, हायकोर्टात गेले आणि २००८ मध्ये जिंकले. रांगेत उभं राहून, फी भरून, सरकारशी सरकारच्याच कायद्याने भांडून इथे राहिलोय. आणि तो निकाल लागला तेव्हा मला कुंपणावरून बिअरची बाटली कुणी दिली असेल? 'जिरवलीत त्यांची!' म्हणत?

२०१४ मध्ये बायकोने 'लाइफ इन द यूके' टेस्ट दिली, इथे कायम राहण्यासाठी लागते ती. २४ प्रश्न, १८ बरोबर यावे लागतात. आजोबा आमच्या डायनिंग टेबलाशी चिवड्याची वाटी घेऊन बसायचे (त्याला ते अजूनही 'बॉम्बे मिक्स' म्हणतात, मी सुधारणं सोडून दिलंय) आणि तिला पुस्तकातून प्रश्न विचारायचे. ट्युडर राजांमध्ये स्वतःच अडकायचे आणि खो खो हसायचे. एका पानावर हक्कांची यादी होती, त्यात अभिव्यक्तिस्वातंत्र्य. आजोबा म्हणाले, 'यात काय विचारायचं, पान उलट.'

यात काय विचारायचं!

आता बघा इथली गंमत. २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये १२७ वं कलम आहे. 'अत्यंत आक्षेपार्ह' संदेश पाठवणं हा गुन्हा. आक्षेपार्ह कुणाला? ठरवणार कोण? ते कलम आणि १९८८ चा आणखी एक कायदा मिळून २०२३ या एका वर्षात १२ हजारांहून जास्त अटका झाल्या. त्यात धमक्या देणारे, बायकांना छळणारेही आहेत, मान्य. त्यांना आत टाका, माझं काही म्हणणं नाही. पण २०२५ च्या सप्टेंबरमध्ये एका विनोदी मालिकांच्या लेखकाला, ग्रॅहम लिनेहनला, ट्रान्स विषयावरच्या तीन पोस्टसाठी हीथ्रोवर उतरल्या उतरल्या बंदूकधारी पोलिसांनी धरलं. पाच पोलीस! त्याचं लिखाण शिवराळ आहे, मला स्वतःला झेपत नाही. पण पाच? पुढच्याच महिन्यात प्रकरण गुंडाळलं. तेव्हा कुठे लंडनच्या पोलिसांना साक्षात्कार झाला की यापुढे 'गुन्हा नसलेल्या द्वेषाच्या घटना' आपण तपासणार नाही. गुन्हा नसलेली घटना! पोलिसांनी नोंदवायची! हे आपल्याकडे कुठल्या हवालदाराला सांगितलं तर तोही म्हणेल, साहेब, चहा घ्या आणि घरी जा.

तिकडे जर्मनीत तर कहर. २०२४ मध्ये शाम्पूच्या जाहिरातीच्या धर्तीवर कुणीतरी त्यांच्या अर्थमंत्र्याला, हाबेकला, बिनडोक ठरवणारं चित्र केलं. बव्हेरियातल्या ६४ वर्षांच्या एका निवृत्त माणसाने ते पुढे ढकललं. पोलीस घराची झडती घ्यायला हजर. नंतर आणखी एक पोस्ट आक्षेपार्ह होती असं कारण पुढे आलं, असेल. पण राजकारण्याचा अपमान केला तर त्यासाठी वेगळं कलम आहे तिथे, १८८ वं. शाम्पूची जाहिरात, अहो!

आणि याच युरोपात, इथल्याच यॉर्कशरमध्ये, बॅटली नावाच्या गावात एका शिक्षकाने २०२१ साली धर्मशिक्षणाच्या तासाला पैगंबरांचं व्यंगचित्र दाखवलं. शाळेच्या फाटकावर जमाव आला, धमक्या आल्या, आणि तो कुटुंबासह लपून बसला. त्याच्या आधीच्याच ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळ सॅम्युएल पाटी नावाच्या शिक्षकाचा अशाच चित्रांवरून भर रस्त्यात गळा कापला होता, त्यामुळे भीती खोटी नव्हती. यंत्रणांनी बॅटलीच्या मास्तरला वाऱ्यावर सोडलं, असं २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या सल्लागार बाईंनी अहवालात लिहिलं. म्हणजे ओरडणाऱ्या जमावापुढे सरकार मऊ आणि बिनवाल्या आजोबांपुढे कडक. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

थोडा चहा पिऊन आलो. जरा शांतपणे लिहितो.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०२४ च्या जुलैअखेर साउथपोर्टला तीन लहान मुलींना भोसकून मारलं, तेव्हा मारेकरी बोटीतून आलेला मुसलमान निर्वासित आहे अशी खोटी बातमी पसरली. तो इथेच, कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. पण तोवर आगी लागल्या होत्या. रॉदरहॅमला माणसं आत असताना हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला. त्या आठवड्यात एका बाईने एक्सवर लिहिलं की पेटवा ती हॉटेलं, आणि तिला ३१ महिन्यांची शिक्षा झाली. माझे इथले टोरी (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे) मित्र तिला हुतात्मा करायला निघाले, ते मला पटत नाही. ते वाक्य घाण होतं. पण तिने काही तासांत ते काढून टाकलं होतं, आणि ३१ महिने! चाकू घेऊन फिरणारी पोरं याहून लवकर घरी येतात.

त्याच आठवड्यात बायकोच्या कामाच्या ठिकाणी सगळ्यांना दुपारीच घरी पाठवलं. गोरी नसलेली माणसं बसने जायला घाबरत होती, आम्हीही. दंगलखोरांनी आम्हाला काही एचएसएमपी आहे का म्हणून विचारलं नसतं. रात्री आठ वाजता बेल वाजली. आजोबा. हातात कागदाचा चिठोरा, त्यावर त्यांचा मोबाईल नंबर मोठ्या अक्षरांत. नंबर माझ्याकडे होता की, वर्षानुवर्षं! तरी म्हणाले, फ्रिजवर लाव, तिलाही दिसायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बस स्टॉपपर्यंत सोडायला आले, गुडघा दुखत असताना.

त्यांच्याच घरी पोलीस गेले. द्वेषाबद्दल समज द्यायला.

हे लिहिताना हात थरथरतोय खरंच.

आणि हा राग फक्त लेबर पक्षावर नाही हां. २०२३ च्या जूनपर्यंतच्या वर्षभरात या देशात गेल्यापेक्षा आलेली माणसं नऊ लाखांनी जास्त होती, आणि तेव्हा राज्य माझ्याच टोरींचं होतं. ब्रेक्झिट करून दार बंद करतो म्हणाले आणि चौकटच काढून ठेवली. छोट्या बोटींतून २०१८ साली ३०० च्या आसपास माणसं आली, २०२२ मध्ये ४५ हजारांवर. हे आकडे तोंडाने उच्चारले की माणूस वंशद्वेष्टा. डेन्मार्कमध्ये मेटे फ्रेडरिक्सन डाव्या पक्षाची बाई, तिने लोकांचं ऐकून नियम कडक केले आणि निवडून आली. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, हे तिला कळलं. आमच्याकडे मात्र युरोपात लोकांचं तोंड बंद केलं जातंय, हे अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांनी २०२५ मध्ये म्युनिकला येऊन ऐकवावं लागलं. तो बोलला ते बरोबर, पण स्वतः व्हिसासाठी पोरांची फेसबुक खाती तपासणाऱ्यांनी दुसऱ्याला फार शिकवू नये.

कुणीतरी 'आपल्याकडे काय वेगळं आहे' हे लिहिणारच, तर मीच लिहून टाकतो. २०१२ चा नोव्हेंबर. बाळासाहेब गेले, मुंबई बंद. पालघरच्या एका मुलीने हा बंद कशाला असं फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाइक केलं, दोघींना अटक. आयटी कायद्याचं ६६अ कलम. त्यातले 'अत्यंत आक्षेपार्ह' हे शब्द इथल्याच १२७ कलमातले, इंग्रजांकडूनच उचललेले. सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ते कलम रद्द केलं, इथे मूळ कलम अजून धडधाकट आहे. पण तेव्हा मी काय केलं होतं? काही नाही. आमच्या मिरजेच्या घरात साहेबांचा फोटो होता. मी इथे बसून मनात म्हटलं होतं, बरं झालं, पोरींना अक्कल नको का. ब्र काढला नव्हता मी. आज आजोबांनी मागे वळून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा त्या पोरी आठवल्या, तेरा वर्षांनी.

असो. अकरा वाजून गेले. खिडकीतून दिसतंय, आजोबांनी माझीही बिन सरळ करून ठेवलीय, झाकण रस्त्याच्या बाजूला. मी नेहमी उलटी लावतो.

पोस्ट टाकू का म्हणून बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, 'टाक, पण त्यांनी काय लिहिलं होतं तो शब्द देऊ नकोस. आणि गावाचं नाव काढ.'

काढलंय.