संकट आलं की ग्रुप लॉक करा

राजकारणात पडलात तर आज ना उद्या तुमच्यावर संकट येणारच. संकट म्हणजे पूर, दुष्काळ, सोयाबीनचा भाव असलं काही नव्हे, ती आमची. तुमचं संकट म्हणजे पक्ष फुटणं, तिकीट कापलं जाणं, वरचा साहेब खाली येणं. अशा वेळी कसं वागावं आणि लोकांशी काय बोलावं, हे आमच्या तालुक्यातल्या एका भाऊंकडं बघून मी नुकतंच शिकलोय. घ्या, फुकट देतो.

पहिली गोष्ट, फोन बंद. आपल्याकडं याला 'नॉट रिचेबल' म्हणतात आणि ती मानाची अवस्था आहे. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेनेचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, त्यात एकट्या औरंगाबाद जिल्ह्यातले पाच होते. दिवस पेरणीचे. इकडं माणसं बियाण्याच्या पिशव्या उंबऱ्याशी ठेवून आभाळाकडं बघत होती, आणि तिकडून सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू यांचा कार्यकर्त्याशी फोन गाजला : काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! संवाद असा पाहिजे. समोरच्याला पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही पाहिजे.

पत्रकारांनी गाठलंच तर 'योग्य वेळी बोलेन'.

चुकून अयोग्य वेळी बोललात तर 'विपर्यास'.

पक्ष बदलल्याचं कारण विचारलं तर 'मतदारसंघाचा विकास'. कुणाचा विकास, हे विचारण्याइतकी माणसं आता भोळी राहिली नाहीत.

फ्लेक्सचं मात्र त्याच रात्री बघा. नवा छापायला वेळ लागतो म्हणून आमच्या भाऊंनी बसस्टँडसमोरच्या फ्लेक्सवर जुन्या साहेबांच्या तोंडावर नव्या साहेबांचं तोंड चिकटवलं. साइज जरा कमी पडली. जुन्या साहेबांचा डावा कान अजून दिसतोय. एका कोपऱ्याचा डिंक सुटलाय, त्यामुळं वारं आलं की दोन्ही साहेब आळीपाळीनं तालुक्याकडं बघून हसतात.

आता ग्रुप. ही खरी कला आहे, नीट ऐका. भाऊंचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कधीकाळी मुलीच्या दाखल्यासाठी नंबर दिला, तेव्हापासून मी त्यात आहे. साहेब बदलले तसं ग्रुपचं नाव तीनदा बदललं, आम्ही तेच राहिलो. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या ओढ्यानं सोयाबीन तर नेलंच, बांधाकडची मातीही खरडून नेली. आता तिथं नुसता मुरूम दिसतो. ७ ऑक्टोबरला मुंबईत ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तो आकडा भाऊंच्या हात जोडलेल्या फोटोसकट ग्रुपवर दिवसभर फिरत होता. पंचनामा झाला, यादी लागली. माझं नाव नाही. शेजारच्याचं आहे, त्याच ओढ्याचं पाणी, तोच बांध. मी ग्रुपवर एक ओळ टाकली : 'भाऊ, पंचनामा झालाय पण यादीत नाव नाही, व्हीके नंबर कसा मिळंल?' (व्हीके म्हणजे मदतीच्या यादीतला विशिष्ट क्रमांक.) माझं नशीब बघा, नेमका त्याच दुपारी भाऊंचा मुंबईत पक्षप्रवेश! माझ्या ओळीखाली हार, गुलाल, 'अभिनंदन भाऊ', 'एकच वादा'. संध्याकाळी बघतो तर माझा मेसेज ॲडमिननं डिलीट केलेला, आणि खाली सूचना : आता फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. आठशे माणसांचा ग्रुप, बोलणारे दोघं. फोन लावला तर 'मीटिंगमधी हायेत'. दुसऱ्या दिवशी 'प्रवासात हायेत'. तिसऱ्या दिवशी पीए म्हणाला, "काका, तुमी आता आमच्यासंगं हायेत का जुन्याकडं, ते आधी सांगा." म्हणलं, "मी तलाठ्याच्या दारात हाय रे बाबा!" त्यानं फोन ठेवला.

हां, सरकारच जायला लागलं तर बारकं काही करू नका, मोठा निर्णय घ्या. २९ जून २०२२ ला मंत्रिमंडळानं आमच्या दोन शहरांची नावं बदलली आणि रात्री मुख्यमंत्र्यांनी फेसबुक लाइव्हवर राजीनामा दिला. नव्या सरकारनं १६ जुलैला त्यातलं एक नाव 'छत्रपती' जोडून पुन्हा मंजूर केलं. मराठवाड्याला मंत्रिमंडळ बैठक आणि पॅकेजही अधूनमधून मिळतं, २०१६ ला मिळालं, २०२३ ला मिळालं. आकडे पाठ करून ठेवा, हिशेब कुणी मागत नाही.

आणि लोक लईच चिडले, गावाच्या वेशीवर 'पुढाऱ्यांना गावबंदी'चे बोर्ड लागले, तर घाबरायचं कारण नाही. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीडमध्ये जाळपोळ झाली तेव्हा इंटरनेटच बंद झालं. ग्रुप लॉक करायचेही कष्ट वाचले. एसटी बंद, मोबाइलवरून पैसे जाईनात, खिशात रोकड नाही. माझ्या मावसभावाला डायलिसिसला न्यायचं होतं. कुठला रस्ता चालू आहे हे विचारायला मी या भाऊला नऊ फोन केले. नऊ. शेवटी रस्ता सांगितला तो एका टँकरवाल्यानं. चौकात थांबला आणि म्हणाला, मागून जा, पुढं टायर जळायलेत.

मी कसला सल्ला देतोय तुम्हाला! भाऊ, हे तू वाचणार नाहीस, तुझा पीए वाचेल, त्यानं वाचून दाखवावं. तू कुठल्या पक्षात जातोस याचं मला सोयरसुतक नाही. चौथ्यात जा. पण मत मागायला आलास तेव्हा माझ्या ओट्यावर बसून दोनदा चहा घेतलास, तेव्हा बरा रिचेबल होतास. दुरुस्तीची यादी कधी लागणार, कागद कोणते लागतात, कुणाला भेटायचं, एवढ्या तीन ओळी लिहायला कुठल्या साहेबाची परवानगी लागते तुला? लाज वाटू दे जरा. ती माती माझ्या बापानं बैलगाडीनं आणून टाकली होती.

मेसेज मी जपून ठेवलाय. ग्रुप उघड.