बांगडा हलाल कसा करतात?

तुमचं आडनाव मुकादम किंवा देशमुख असेल, घर दापोलीहून हर्णैला उतरताना लागत असेल आणि दोन खोल्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना भाड्याने देत असाल, तर गिझर आणि वायफाय मागाहून बसवा. आधी उत्तरं तयार ठेवा. पाहुणे समुद्र बघायला येतात खरे, पण समुद्राला काही विचारता येत नाही. तुम्ही आयते सापडता.

सलामी आडनावाने होते. ‘देशमुख? मग मुसलमान कसे?’ इथे वतनदारीचा इतिहास उघडू नका, नुसतं ओशाळं हसा. पाठोपाठ ‘मराठी किती छान बोलता हो!’ येतंच. घरात दुसरं काही बोलत नाही, हे सांगून त्यांचा हिरमोड कशाला करायचा?

रमजानात मुक्काम असेल तर ‘पाणीसुद्धा नाही?’ ठरलेलं. विचारणाऱ्या काकू हरतालिकेला स्वतः निर्जळी राहिलेल्या असतात, तो विषय काढू नये. ‘आणि थुंकी गिळली तर?’ थुंकीने रोजा तुटत नाही, विसरून घास खाल्ला तरी तुटत नाही, आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत आहे. पण एवढ्याने कुणाचं समाधान झाल्याचं ऐकिवात नाही. ‘फार कठीण असतं’ म्हणून सुस्कारा सोडा, की ते हळहळतात आणि चहा मागवतात. तो तुम्हीच करायचा असतो.

रमजान दरवर्षी हलतो कसा, हे समजावायला गेलात तर फसाल. चांद्र वर्ष 354-355 दिवसांचं, अधिक महिना नाही, म्हणून तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल. ‘म्हणजे त्या वर्षी दोनदा शीरखुर्मा!’ हो म्हणा. दुसरी ईद 2031 मध्ये पडते, हा हिशेब त्यांना सुट्टीत नको असतो.

नमाज पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे दर्याची पूजा का? मक्का दर्यापलीकडे आहे, पण मान डोलवा. निदान बाटल्या तरी वाळूत टाकणार नाहीत.

खरी कसोटी जेवणाच्या ताटावर. ‘हा बांगडा हलाल कसा करतात?’ माशाला जबह, म्हणजे अल्लाहचं नाव घेऊन गळा चिरणं, लागतच नाही. शिवाय आपण कोकणी मुसलमान बहुतेक शाफई परंपरेचे, त्यामुळे तिसऱ्या (शिंपले) आणि माकुलालाही आडकाठी नाही. दुसऱ्या, हनफी परंपरेची मंडळी तिथे थबकतात. हे उत्तर बरोबर आहे आणि म्हणूनच निरुपयोगी. त्यापेक्षा सांगा, की हर्णै बंदरात लिलावाआधी एक गृहस्थ प्रत्येक बांगड्याची वेगवेगळी संमती घेतात. सुरमई आढेवेढे घेते. पापलेट तर वकील केल्याशिवाय बोलत नाही, म्हणून त्याचा भाव तेवढा. पाहुणे हे वहीत लिहून घेतात आणि पापलेटाच्या थाळीवर घासाघीस करत नाहीत.

रात्री ‘तुमच्याकडे रोज बिर्याणीच असेल ना?’ असं विचारतील, तेव्हा कुळथाच्या पिठीचं पातेलं झाकून ठेवा.

परत गेल्यावर ते अभिप्राय लिहितील: ‘मुस्लीम असूनही घर अगदी स्वच्छ.’ तारे पाच आहेत ना, तेवढे मोजा आणि पुढच्या हंगामात खोलीमागे दोनशे रुपये वाढवा.